एकाच डिस्कवर दोन काळ

१/ नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली की जुनी पुसून टाकण्याची रीत आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ही घाई करू नये. हार्ड डिस्कचे विभाजन करून जुनी व नवी प्रणाली शेजारी नांदवणे हा केवळ हौशी लोकांचा छंद नव्हे. ते जुने दस्तऐवज वाचण्याचे साधन आहे. #थ्रेड

२/ या विभाजनाचे मूळ १९८३ सालात आहे. त्या वर्षी मार्चमध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक १० एमबीच्या हार्ड डिस्कसह आणला. सोबतच्या डॉस २.० मध्ये एका डिस्कचे चार भाग पाडण्याची सोय होती, आणि ते भाग वेगवेगळ्या प्रणालींना देता येत.

३/ डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत ६४ बाइटांचा एक तक्ता असे. त्यात चार नोंदी: प्रत्येक भाग कोठे सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रकारचा आहे. जमिनीच्या वाटणीपत्रात चतुःसीमा लिहाव्यात, तसेच हे.

४/ पण नवा वाटेकरी अनेकदा शिरजोर ठरे. विंडोज बसवताना ती आरंभीचा संकेत आपल्या सोयीने पुन्हा लिही. म्हणून ‘जुनी प्रणाली आधी, नवी नंतर’ हा क्रम रूढ झाला. विंडोज ९८ला एनटीएफएस वाचता येत नसे; त्यामुळे सामाईक फायलींसाठी फॅट३२चा भाग राखावा लागे.

५/ हा तक्ता साधारण २ टीबीपर्यंतच पुरतो. त्याच्या जागी जीपीटी आली. तरी पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या तक्त्याची एक नोंद ठेवली जाते. जुन्या साधनांना डिस्क रिकामी वाटून त्यांनी ती पुसू नये, हा हेतू. नव्याने जुन्याची ठेवलेली ही जाण मोलाची आहे.

६/ आता मात्र दार मिटत आहे. २०२१च्या विंडोज ११ला यूईएफआय लागते आणि तिची ३२ बिटांची आवृत्तीच नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत.

७/ मराठीला याची झळ अधिक आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. पण त्या दशकातील बरीच मराठी अक्षरजुळणी निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र फॉन्टमध्ये झाली. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण दिसतात निरर्थक रोमन अक्षरे. मोडी वाचणारा नसला की रुमाल शाबूत असूनही मुका राहतो, तशीच ही गत.

८/ व्हर्च्युअल मशीन पुरेसे नाही का? बहुतेकदा पुरते. परंतु प्रिंटरच्या पोर्टला हार्डवेअर लॉक लावल्याशिवाय न चालणारी सॉफ्टवेअरे तेथे अडतात. म्हणून प्रकाशन संस्था व नियतकालिकांनी सर्व मजकूर युनिकोडमध्ये येईपर्यंत किमान एका संगणकावर जुनी प्रणाली चालू ठेवावी. विभाजनापूर्वी फायलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.

९/ दप्तर जपणे म्हणजे कागद जपणे, एवढाच अर्थ आता उरलेला नाही. ते वाचणारे यंत्रही दप्तराचाच भाग आहे. #इतिहास