क्ष-किरण, हया आणि संमती

शिरूर अनंतपाळ तालुक्यातून उमऱ्याला किंवा आखातात कामाला निघालेली माणसे मुंबई नाही तर हैदराबाद गाठतात. निघण्याआधी घरात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. विमानतळावरच्या मशीनमध्ये अंग दिसते का? त्यातून एक्स-रे जातो का? या प्रश्नाला हसू नये. त्याचे नीट उत्तर द्यावे.

क्ष-किरण असतात ते बॅगेच्या मशीनमध्ये. आपण ज्या चौकटीतून चालत जातो ती धातू शोधते; तिच्यात क्ष-किरण नसतात. तिसरे यंत्र म्हणजे संपूर्ण अंगाचा स्कॅनर, आणि वाद झाला तो याच्यावरून. २५ डिसेंबर २००९ रोजी डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानातला स्फोटाचा प्रयत्न फसला. त्यानंतर अमेरिकेने क्ष-किरणांचे स्कॅनर झपाट्याने वाढवले. कपड्यांआडचे शरीर त्यांच्या पडद्यावर उमटत असे. फेब्रुवारी २०१० मध्ये उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलने असे यंत्र हयेच्या शिकवणीत बसत नाही, म्हणून अंगझडतीचा पर्याय मागावा, असा फतवा दिला. त्याच सुमारास मँचेस्टर विमानतळावर दोन महिलांनी स्कॅनरला नकार दिला. एकीचे कारण धर्माचे होते, दुसरीचे आरोग्याचे. दोघींनाही विमानात चढू दिले नाही.

ही तक्रार एकट्या मुसलमानांची राहिली नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये युरोपीय संघाने विमानतळांसाठी स्कॅनरचे नियम केले, तेव्हा क्ष-किरणांची यंत्रे त्यातून वगळली. उघडे शरीर दाखवणारी ही यंत्रे २०१३ मध्ये अमेरिकेनेही विमानतळांवरून काढली. आपल्या लाजेचा प्रश्न साऱ्यांच्या खासगीपणाचा प्रश्न म्हणून मांडला गेला, तेव्हा नियम बदलले. नागरी चळवळीने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

भीतीचे मात्र भांडवल करू नये. अशा एका तपासणीतला किरणांचा मारा अत्यल्प असतो. विमान उंचावर असताना काही मिनिटांत आकाशातून तेवढा मिळतोच. खरा मुद्दा न्यायाचा आहे. डॉक्टर एक्स-रे काढतो तेव्हा फायदा रुग्णाचा असतो. सुरक्षा तपासणीत किरण एकाच्या अंगातून जातात आणि उपयोग दुसऱ्याला होतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१४ च्या मानकांनुसार चोरी पकडण्यासाठी माणसांवर किरण वापरणे समर्थनीय नाही आणि तस्करी पकडण्यासाठीही ते सहसा समर्थनीय नाही. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असेल, तर त्याचे समर्थन सरकारनेच करायचे आहे.

भारतात नागरी विमान सुरक्षा ब्युरोने २०१९ मध्ये संवेदनशील विमानतळांसाठी बॉडी स्कॅनरचा आदेश काढला. ही यंत्रे मिलिमीटर लहरींची आहेत, क्ष-किरणांची नाहीत. पडद्यावर बाहुलीसारखी एक ठरावीक आकृती दिसते आणि संशयाच्या जागी खूण उमटते. आमच्या मते हे यंत्र स्वीकारावे. हिजाब घातलेल्या बहिणीला परक्या हातांनी चाचपण्यापेक्षा ते अधिक अदबीचे आहे.

आपला आग्रह हवा तो दुसरीकडे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १०३ नुसार शरीरात माल दडवल्याचा सबळ संशय असेल, तर त्या व्यक्तीला मॅजिस्ट्रेटसमोर न्यावे लागते आणि एक्स-रेचा हुकूम मॅजिस्ट्रेट देतो. कलम १०२ नुसार झडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याची मागणी करता येते, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १०३ मध्ये एक जवळची वाट काढली. उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांची पूर्वपरवानगी घेऊन सीमाशुल्क केंद्रावरच्या यंत्राने स्कॅन करता येते. तिथेही त्या व्यक्तीची संमती आणि इतर हक्क अबाधित आहेत, असे कायदा म्हणतो.

पण ही संमती कशी मिळते? परदेशातून परतलेला बावीस वर्षांचा मुलगा पहाटे तीन वाजता अडवला गेला आहे. समोर इंग्रजी कागद, भोवती गणवेश, बाहेर वडील वाट पाहत उभे. तो सही करतो. त्या सहीला संमती म्हणायचे का? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क या टेबलावर पोहोचला नाही, तर निकालपत्रातच राहील.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. संमतीचा कागद मराठी, उर्दू, हिंदीत असावा आणि वाचून दाखवला जावा. कोणते यंत्र, कोणते किरण, हे आधी सांगावे. संशयाचे कारण लेखी नोंदवावे. चित्र किती दिवस ठेवणार आणि कोण पाहणार, हे ठरलेले असावे. निवड नावावरून, दाढीवरून किंवा बुरख्यावरून होत नाही ना, याची स्वतंत्र तपासणी व्हावी. या मागण्यांत फक्त मुसलमानांसाठी असे काहीही नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सोने शरीरात दडवून आणण्याचे प्रकार घडतात. तिकिटाचे आमिष दाखवून असे काम देऊ करणाऱ्या एजंटाला घरातूनच ठाम नकार गेला पाहिजे. पकडला जातो तो वाहणारा. एजंट घरी असतो.

जीव वाचवणे ही आपल्या दीनची आणि संविधानाची समान शिकवण आहे, म्हणून तपासणीला आपला विरोध नाही. पण रांगेत उभे राहताना आपले कलम आपल्याला ठाऊक असावे. या रमजानआधी उमऱ्याला निघालेल्या आपल्या गावातल्या एका तरी कुटुंबाला हे समजावून सांगा.