साखळीनें मोजलेली जमीन

अमेरिकेंतील गवताळ मैदानें शेतकऱ्याच्या हावरेपणामुळें उजाड झालीं, असें लिहिण्याची चाल पडली आहे. आमचें मत निराळें आहे. आमचें आयुष्य मोजणीच्या नकाशांत व हक्कनोंदींत गेलें, म्हणून आम्हांस दोष नांगराच्या आधीं दप्तराचा दिसतो.

ता. २० मे १८६२ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुखानें १६० एकरांचा तुकडा मागावा, पांच वर्षें तेथें राहून वहिवाट करावी आणि अल्प फी भरून मालकीचा कागद न्यावा. बांधाच्या हातभर जागेसाठीं कोर्टाची पायरी चढणाऱ्या आमच्या वाचकांस हें नवल वाटेल! मात्र ती जमीन बेवारस नव्हती. तेथील मूळच्या जमातींस कराराच्या कागदानें व बंदुकीनें हटवून ती मोकळी केलेली होती.

हे १६० एकर आले कोठून? सहा मैल चौरसाचें गांव आंखावें व त्याचे ६४० एकरांचे ३६ भाग पाडावे, असा ठराव १७८५ सालीं झाला होता. अशा एका भागाची चौथाई म्हणजे १६० एकर. ही आंखणी ओहायोच्या पावसाळी मुलखापासून सुरू झाली. पुढें कान्सास व नेब्रास्काच्या पश्चिम भागांत वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आंत. तरी तेथेंही तोच चौकोन! आमच्याकडे १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं मातीची खोली पाहून, तिचे दोष वजा करून जमिनीस आणे लावले. त्या पद्धतींतही उणिवा होत्या. पण सर्व एकर सारखे, असें तिनें मानलें नाहीं.

१८७८ सालीं जॉन वेस्ली पॉवेल यांनीं सरकारास स्पष्ट कळविलें होतें कीं, कोरड्या मुलखांत चराऊ रानाचा तुकडा २,५६० एकरांचा असावा. पाटाचें पाणी असेल तेथें ८० एकर पुरेत. परंतु नांगर फिरला कीं पाऊस वाढतो, असा डांगोरा तेव्हां पिटला जात होता. पॉवेलांचें कोणी ऐकलें नाहीं. १९०९ सालीं ३२० व १९१६ सालीं गुरांसाठीं ६४० एकर देऊं केले, तेंही अपुरेंच. एवढ्याशा जमिनींत रान पडीक कसें ठेवावें? पहिल्या महायुद्धांत गव्हाचा भाव चढला तेव्हां गवत मोडलें; भाव पडल्यावर देणें फेडण्यासाठीं आणखी मोडलें. १९३० नंतर अवर्षण आलें आणि माती उडाली. ता. १४ एप्रिल १९३५ रोजीं तर भर दिवसा अंधार पडला. मृदसंधारणाचा कायदा त्याच महिन्याच्या २७ तारखेस झाला.

आमच्या राज्याच्या कमाल धारणा कायद्यांत १९७५ च्या दुरुस्तीनें बारमाही बागायतास १८ व जिरायतास ५४ एकर अशी मर्यादा ठरली. म्हणजे कायद्यानें पाणी ओळखलें. घरांतील वांटण्या मात्र साखळीनेंच होतात. विहिरीजवळचे दोन एकर थोरल्यास, माळावरचे दोन एकर धाकट्यास, आणि हिस्से समान, असे पंचांनीं लिहून दिलेले कागद आम्हीं स्वतः नोंदले आहेत. धाकटा भाऊ पुढ्यांत उभा असे. आम्हीं त्याची सही घेतली व पुढचा अर्ज उघडला.