नेते एक झाले, आमचे गणपती दोनच



या सदरात मी शक्यतो राजकारण आणत नाही. आजोबा वाचतात, नातवंडं वाचतात, उगाच मंडळाच्या ग्रुपवर वाद नको. पण गणपती जवळ आले की आमच्या घरात राजकारण न बोलावता येतं. २०१७ पर्यंत आमच्या घरात एक गणपती होता. आता दोन आहेत.

घर खानापूर तालुक्यातलं. बाबा आणि काका शेजारी शेजारी राहतात, मधे एक सामायिक भिंत. दोघेही जुने महाराष्ट्र एकीकरण समितीवाले. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला दोघे एकाच स्कूटरवरून बेळगावला जायचे. १९५६ साली याच दिवशी आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, हे आम्हा भावंडांना शाळेच्या आधी घरात कळलं.

२०१३ च्या विधानसभेला समितीचे दोन आमदार निवडून आले होते, बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. २०१८ ला समितीतच दोन गट पडले. खानापुरात समितीच्या नावाने दोघे उभे राहिले, अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर. बाबा एकाच्या मागे, काका दुसऱ्याच्या. मतं फुटली आणि काँग्रेसच्या अंजली निंबाळकर निवडून आल्या. समितीचा आमदार कुठेच उरला नाही. पुढे अरविंद पाटील भाजपमध्ये गेले. आमच्याकडे मात्र त्या वर्षी दोन मूर्ती आल्या, त्या आजतागायत दोनच येतात.

यात माझाही हात आहे. मी तेव्हा बंगळूरला नोकरीत होतो. गावच्या पोरांनी सांगितलं, "तू इंजिनिअर, तुला जमतंय, ग्रुप काढ." मी ग्रुप काढले, मेसेज लिहिले. एका मेसेजात समोरच्या गटाला 'मराठीचे गद्दार' म्हटलं. लिहिताना डोळ्यासमोर नेते होते. तो मेसेज काकांच्याही मोबाईलवर पोचला.

त्यानंतर मी सीमाभागातल्या नेत्यांच्या हालचाली जरा बारकाईने पाहू लागलो. काही गोष्टी तुमच्यासमोर ठेवतो. तरुण मंडळींनी मुद्दाम वाचाव्यात.

डिसेंबर २०२२ आठवा. महाराष्ट्राचे दोन समन्वयक मंत्री, चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई, बेळगावला येणार होते. कर्नाटकाने येऊ नका म्हणून सांगितलं आणि दौरा बारगळला. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. त्या रस्त्याने मी रात्रीच्या बसने कितीतरी वेळा घरी गेलोय, म्हणून ते चित्र विसरत नाही. १४ डिसेंबरला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोर बसवलं. दोन्हीकडे सत्तेत भाजप होता. तरीही २२ डिसेंबरला कर्नाटकाच्या विधिमंडळाने एक इंचही देणार नाही असा ठराव केला आणि २७ डिसेंबरला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावं परत मिळवण्याचा ठराव एकमताने केला. एकमताने म्हणजे त्यात सगळे आले, भाजप, काँग्रेस, राष्ट्रवादी आणि दोन्ही शिवसेना.

आता मे २०२३. कर्नाटकात विधानसभेची निवडणूक. समिती महाराष्ट्रातल्या नेत्यांना विनवत होती की निदान आमच्या विरोधात प्रचाराला येऊ नका. देवेंद्र फडणवीस भाजपच्या प्रचाराला आलेच. निपाणीत राष्ट्रवादीने स्वतःचा उमेदवार दिला, आणि १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात बेळगावात उतरलेले शरद पवार निपाणीत सभेला आले ते आपल्या पक्षासाठी. संजय राऊत मात्र समितीच्या प्रचाराला आले, हेही सांगायला हवं. निपाणीत भाजपच्या शशिकला जोल्ले जिंकल्या, राष्ट्रवादी दुसरी आली. समितीची पाटी पुन्हा कोरी.

ज्या निपाणी-खानापूरची शिफारस महाजन आयोगाने १९६७ सालीच महाराष्ट्राच्या बाजूने केली होती, तिथे ही गत. म्हणजे डिसेंबरात प्रश्न विचारायला यायचं तर सीमा बंद, आणि मे महिन्यात मतं मागायला यायचं तर तीच सीमा उघडी. ठराव आणि प्रचारसभा यांच्यात साडेचार महिन्यांचंही अंतर नाही. सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा २००४ पासून चालू आहे, तो वेगळाच.

हे मराठी नेत्यांपुरतंच आहे असं समजू नका. आमच्या जिल्ह्यात भाषा कुठलीही असो, चाल तीच. अथणीत २०१८ ला काँग्रेसचे महेश कुमठळ्ळी यांनी भाजपच्या लक्ष्मण सवदींना हरवलं. २०१९ ला कुमठळ्ळी भाजपमध्ये गेले. २०२३ ला सवदी काँग्रेसमध्ये गेले आणि त्यांनी भाजपच्या कुमठळ्ळींना हरवलं. माणसं तीच, फक्त झेंड्यांची अदलाबदल! शेजारच्या कागवाडातही हेच. २०१८ ला काँग्रेसचे श्रीमंत पाटील जिंकले आणि भाजपचे राजू कागे हरले, २०२३ ला कागे काँग्रेसकडून जिंकले आणि श्रीमंत पाटील भाजपकडून हरले.

हेच सवदी २०१२ मध्ये मंत्री होते. विधानसभेत बसून मोबाईलवर अश्लील चित्रफीत पाहिल्याच्या आरोपावरून त्यांनी राजीनामा दिला. आपण काही गैर केलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१८ ला ते हरले, तरी २०१९ ला उपमुख्यमंत्री झाले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईच कर्नाटकाला जोडा म्हणाले. आपल्या लोकांनी त्यावर आठवडाभर संताप व्यक्त केला. २०१२ चं कुणी काढलं नाही.

आणि गोकाकचे जारकीहोळी बंधू! २०१९ च्या पोटनिवडणुकीत रमेश भाजपकडून आणि लखन काँग्रेसकडून, भाऊ भावासमोर उभा. सतीश काँग्रेसचे नेते, भालचंद्र भाजपचे आमदार, लखन २०२१ ला अपक्ष म्हणून विधान परिषदेवर. सरकार कुणाचंही येवो, घरातलं कुणी ना कुणी सत्तेच्या बाजूला असतंच.

यात बेकायदा काही नाही, हीच खरी गंमत. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. त्यावर उपाय म्हणून २०१९ ला राजीनामेच दिले गेले. सभापतींनी अपात्र ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली पण पुन्हा उभं राहायला मोकळीक दिली, आणि अथणी, कागवाड, गोकाक या तिन्ही जागा त्याच माणसांनी नव्या झेंड्याखाली जिंकल्या. कायद्याने जे अडत नाही ते मतदाराने अडवायचं असतं. आम्ही अडवलं नाही.

का नाही अडवलं? मला वाटतं, आम्ही लक्षातच ठेवत नाही. आमच्या कामात प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली तरी कुणी बदलली, कधी बदलली, आधी काय होतं, याची नोंद राहते. नंतर कुणी 'मी नव्हतोच' म्हणू शकत नाही. राजकारणात ती नोंद नेता ठेवणार नाही आणि त्याच्या मागेपुढे फिरणारे तर मुळीच नाहीत. कालपर्यंत याच्या गाडीत बसणारे आज त्याच्या गाडीत दिसतात. नोंद आपणच ठेवायची. माझ्याकडे आता एक साधी शीट आहे. तारीख, नेता, पक्ष, काय बोलला, पुढे काय केलं. पाच रकाने. सोबत उमेदवाराचं शपथपत्र, ज्यात गुन्हे, मालमत्ता, थकबाकी सगळं लिहिलेलं असतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. आपल्या मंडळातल्या किती तरुणांनी ते एकदा तरी उघडलंय?

त्या शीटमध्ये मी एक ओळ स्वतःच्या नावाची घातली आहे. मे २०१८, 'मराठीचे गद्दार'. पुढचा रकाना बरेच दिवस रिकामा होता. नेते गट बदलतात, पुन्हा एकत्र येतात, एकमेकांना हार घालतात. त्यांच्यासाठी भांडलेले आपण मात्र भाऊबंदकी धरून बसतो.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा काकांच्या पडवीत जाऊन बसलो. म्हटलं, "काका, तो मेसेज मीच लिहिला होता."

काका सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "म्हाईत हाय की. अजून मोबाईलात ठेवलोय त्यो."

"चुकलं माझं."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या बाबाला सांग, औंदा आरतीची वेळ जरा मागं-पुढं ठेवूया. म्हंजे पोरांस्नी दोन्हीकडं येता येतंय."

मूर्ती यंदाही दोनच येणार. पण आरतीच्या वेळा दोन ठरल्या आहेत. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, आणि संध्याकाळी काकांच्या घरी पोहे पोचते केले.