सूर्याआडून येणारे दगड

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी खगोलशास्त्रज्ञांचे लक्ष एका लघुग्रहावर होते. तो पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार होता आणि ठरल्याप्रमाणे गेलाही. त्याच सकाळी रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात मात्र जेमतेम वीस मीटरचा भलताच दगड फुटला. झगझगीत उजेड काय म्हणून माणसे खिडकीशी धावली आणि दोनेक मिनिटांनी पोचलेल्या धक्क्याने त्याच खिडकीच्या काचा त्यांच्या अंगावर आल्या. जखमी सुमारे दीड हजार. दगड सूर्याच्या दिशेने आला होता आणि जमिनीवरची दुर्बीण त्या बाजूला आंधळीच. तेव्हा नुसत्या दुर्बिणी वाढवून भागणार नाही. अवरक्त किरण टिपणारी दुर्बीण अवकाशातच हवी. ‘नासा’ची ‘निओ सर्व्हेयर’ त्यासाठीच आखलेली आहे. पृथ्वीजवळून फिरणाऱ्या १४० मीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी ९० टक्के २०२० पर्यंत शोधा, असे अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्येच बजावले होते. मुदत उलटली तेव्हा निम्मेही हाती नव्हते.

असे आघात क्वचितच होतात, मग एवढा खर्च कशाला, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. चेल्याबिन्स्कएवढे सगळे दगड या दुर्बिणीलाही सापडणार नाहीत, हेही मान्य. पण २०२२ मध्ये ‘नासा’च्या ‘डार्ट’ यानाने मुद्दाम दिलेल्या धडकेने डायमॉर्फस या लघुग्रहाची दुसऱ्या लघुग्रहाभोवतीची सुमारे बारा तासांची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून अधिक घटली. शहर उद्ध्वस्त करू शकणारा दगड असा ढकलता येतो, मात्र त्याची चाहूल काही वर्षे आधी लागली तरच.