खेळातले सरकार आणि नकाराचा हक्क

संगणकावर सरकार चालविण्याचे खेळ निघाले आहेत. ब्रिटनमधील पॉझिटेक कंपनीचा ‘डेमोक्रसी’ हा त्यातला गाजलेला. खेळणारा राष्ट्रप्रमुख होतो, कर, शाळा, दवाखाने यांच्या पट्ट्या पुढेमागे सरकवतो आणि गरीब, श्रीमंत, शेतकरी असे मतदारांचे गट खूश होतात किंवा बिथरतात. प्रत्येक धोरणामागे समीकरण असते. ते साध्या कोष्टकात लिहिलेले असल्याने खेळणारा स्वतःचे धोरणही घालू शकतो. आमच्या एखाद्या तरुणाने त्यात ‘उणे आयकर’ घालून पाहायचे ठरविले, तर पोरखेळ म्हणून हसू नये.

उणे आयकर म्हणजे सरकारने गरिबाला उलटा द्यावयाचा कर. समजा, महिना ६,००० रुपयांची हमी आहे आणि कमाईच्या निम्मी रक्कम त्यातून वजा होते. काहीच न कमावणाऱ्याला ६,००० मिळतील. ४,००० कमावणाऱ्याला सरकार ४,००० देईल, हातात ८,००० येतील. कमाई १२,००० झाली की मदत शून्य.

गणित सोपे आहे. वाद आहे पुढच्या बाणाचा. पैसे मिळाले की लोक काम टाळतील, उत्पादन घटेल, असे कोणताही पंडित लिहील आणि तिथे लाल बाण काढील. परंतु कोणते लोक? कोणते काम? कॅनडातील डॉफिन गावात १९७४ ते १९७९ या काळात असा प्रयोग झाला. काम प्रामुख्याने कमी केले ते बाळंतिणींनी आणि किशोरवयीन मुलांनी. मुले शाळेत टिकली, इस्पितळात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तुलनेने ८.५ टक्के घटले. याला नुकसान म्हणायचे? अमेरिकेत निक्सन यांनी १९६९ मध्ये अशीच योजना मांडली. ती सिनेटमध्ये अडली. विरोध अनेक बाजूंनी होता, पण दक्षिणेतील राजकारण्यांची एक धास्ती अशी, की स्वस्तात राबणारे काळे मजूर मग मिळणार नाहीत.

ही धास्ती आपल्या ओळखीची आहे. महार वतन म्हणजे तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात रात्रंदिवस वेठ. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. मेलेले ढोर ओढण्यास आमच्या बापजाद्यांनी नकार दिला तेव्हा गावोगाव बहिष्कार पडले. गावाच्या हिशेबात तो कामचुकारपणा होता!

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. खेळात गरिबाची कमाई यंत्राला ठाऊक असते. इथे ऊसतोड जोडप्याची कमाई कशी मोजणार? मुकादमाकडून घेतलेली उचल हे उत्पन्न की कर्ज? ती एका कोयत्याची, म्हणजे नवराबायको दोघांची. मग बाईच्या नावावर किती लिहायचे? नाक्यावरच्या मजुराला काम आठवड्यात दोन दिवस मिळते, कधी तेही नाही. अखेर सगळे येऊन थांबते तलाठ्याच्या अहवालावर आणि तहसीलदाराच्या दाखल्यावर. शिष्यवृत्तीसाठी त्या दारात हेलपाटे घातलेल्या मुलांना अधिक सांगायला नको.

मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये ही कल्पना मांडली ती इतर कल्याणकारी मदतीच्या जागी. इथेच सावध राहिले पाहिजे. हातात रोख ठेवून रेशन, वसतिगृह आणि सरकारी दवाखाना काढून घेतला, तर ती रोख खासगी शाळेच्या पहिल्याच फीमध्ये संपेल. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले होते, सक्तीचा सरकारी विमा मागितला होता. त्यात कोठेही रोख देऊन सरकारने हात झटकावेत असे नाही.

तेव्हा ज्या तरुणाला हे धोरण खेळात घालायचे आहे, त्याने शाळा आणि दवाखान्याच्या पट्ट्या जागेवरून हलवू नयेत. हलक्या ठरविलेल्या कामाला नकार वाढला की त्या कामाची मजुरी वाढते, हेही समीकरण लिहावे आणि तो बाण हिरवा काढावा. मतदारांच्या यादीत जात नावाचा गट त्याला सापडणार नाही. तो त्यालाच घालावा लागेल.