गाण्याची पुष्पिका

जुन्या पोथीच्या अखेरीस ग्रंथाचें नांव, कर्ता, लेखनिक, शक व स्थळ नमूद करण्याची आपली चाल होती. ह्या मजकुरास पुष्पिका म्हणतात. आतां अहिल्यानगर हें नांव धारण केलेल्या आमच्या जिल्ह्यांत, नेवासें येथें, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या शेवटच्या ओव्यांत शके १२१२ हा काळ, गोदातीरींचें क्षेत्र, रामचंद्र राजा व लेखनिक सच्चिदानंदबाबा यांचा उल्लेख आहे. म्हणून सातशें वर्षांनंतरही तिचा ठावठिकाणा सांगतां येतो.

हें आठवण्याचें कारण घरोघरच्या संगणकांतील गाणीं. तीं शेंकड्यांनीं असतात. पण नांव पाहावें तों 'ट्रॅक १', 'ट्रॅक २'! वास्तविक एमपी-थ्री फाइलीच्या पोटांत माहितीसाठीं जागा राखतां येते. १९९६ सालच्या पहिल्या पद्धतींत ती पोथीप्रमाणेंच अगदीं शेवटीं, अवघ्या १२८ बाइटांची होती. शीर्षकास ३० रोमन अक्षरें व गायकास तितकींच. १९९८ च्या सुधारलेल्या पद्धतींत ती आरंभीं आली, ऐसपैस झाली व तींत देवनागरीही मावूं लागली. विनॅम्प, फूबार २००० यांसारखे गाणीं वाजविणारे प्रोग्रॅम ही पुष्पिका वाचूनच गायकवार वा वर्षवार यादी लावतात. फाइलीचें नांव बदललें तरी ती फाइलीबरोबरच राहते.

मात्र प्रोग्रॅमास विवेक नसतो. 'बालगंधर्व', 'बाल गंधर्व' व 'नारायणराव राजहंस' असें लिहिल्यास तो तीन गायक मानील. म्हणून एकच रूप ठरवावें. 'अल्बम' ह्या रकान्यांत नाट्यगीतासाठीं नाटकाचें नांव घालावें, जसें मानापमान; संगीतकार गोविंदराव टेंबे; राग व ताल शेऱ्यांत.

पण बालगंधर्वांचें नांव आपण न लिहिलें तरी दुसरे लिहितील. कॅसेटीवरून उतरविलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचें काय? पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं महाराष्ट्रांतील लाखावर ओव्या जमविल्या, त्या गाणाऱ्या बायांच्या व गांवांच्या नांवांसह. आपल्या घरचें एवढें काम आपणच करावयाचें. आवाज ऐकतांच 'ही आमची आजी' म्हणणारीं माणसें आज घरांत आहेत. त्यांच्यामागें तो आवाज निनांवी होईल.

सुट्टींत सर्व कुटुंब जमलें म्हणजे वडीलधाऱ्यांनीं ऐकून सांगावें व मुलांनीं लिहावें. नांव, गांव, साल एवढें भरलें तरी पुष्कळ झालें.