पैसा पेटंटवाल्यांचा, सल्ला गरिबांना!

जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे ‘वायपो’, गरीब देशांना पेटंटचे कायदे करण्यासाठी तांत्रिक साहाय्य देते. पण संयुक्त राष्ट्रांच्या या संस्थेचा खर्च चालतो कशावर? सदस्य देशांची वर्गणी नाममात्र. सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांच्या शुल्काचे! ज्याचे मीठ खावे त्याच्याविरुद्ध ही संस्था गरिबांना सल्ला देईल काय?

आफ्रिकेचे उदाहरण पाहा. तेथील बहुतांशी फ्रेंच भाषक देशांनी १९९९ मध्ये बांगी करार कडक केला. मसुद्याला साहाय्य वायपोचे होते. २००१ च्या दोहा घोषणेने अतिगरीब देशांना २०१६ पर्यंत औषधांवर पेटंट न देण्याची मुभा दिली. तरीही माली, नायजरसारखे देश २००२ पासून या कराराने बांधले गेले. एड्सने माणसे मरत असताना हक्काची सवलत कागदावरच राहिली.

भारताने २००५ मध्ये पेटंट कायद्यातील कलम ३(डी) कडक केले. त्याच्याच बळावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसला कर्करोगाच्या औषधाचे पेटंट नाकारले. कायदा आपल्या गरजेने केला की गरिबाचा जीव वाचतो, तो असा.

साहाय्य देशाच्या मागणीनुसार व पारदर्शक असावे, असे वायपोनेच २००७ च्या ४५ शिफारशींत मान्य केले. २०११ च्या स्वतंत्र आढाव्यात मात्र त्रुटीच आढळल्या. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : कोणत्या देशाला कोणता सल्ला दिला, त्यावर किती पैसा खर्च झाला, हे जाहीर करा. आणि मसुदा होण्यापूर्वी रुग्णांच्या संघटनांना विचारा. कायद्याची किंमत शेवटी तेच मोजतात.